चकलीची भाजणी सांगावी का, आणि असेच बाकीचे प्रश्न

'ॲबंडन्स माइंडसेट'वर प्रश्न पाठवा असं गेल्या महिन्यात म्हटलं आणि इतके आले की अर्धे पुढच्या अंकात ढकलावे लागतायत. ज्यांच्या कानावर हा प्रकार अजून पडला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात, की जगात सगळ्यांना पुरेल इतकं आहे, दुसऱ्याला मिळालं म्हणून माझं कमी होत नाही, असं धरून चालायचं आणि तसंच वागायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मॅनेजमेंटवाल्यांनी हे रूढ केलं, आता रीलवाल्यांच्या हातात सापडलंय. मला विचाराल तर यात अर्धं खरं आहे. काही गोष्टी वाटल्या की संपतात, काही कितीही वाटा संपत नाहीत, आणि आपली गडबड अशी की पैसे नीट मोजायचे तिथे आपण डोळे मिटून घेतो आणि दोन चांगले शब्द बोलायचे तिथे खिशातून जातायत असं वागतो. खालचे प्रश्न बहुतेक त्याच घोळाचे आहेत.

प्रश्न : ताई, मी नाशिकला घरून दिवाळी फराळाच्या ऑर्डर घेते, बरीच वर्षं झाली. शेजारची एकजण तीन वर्षं माझ्याकडे मदतीला येते, तिने आता स्वतःच्या ऑर्डर घ्यायचं ठरवलंय आणि मला सरळ विचारलं की ताई भाजणीचं प्रमाण द्या ना. मिस्टर म्हणतात वेडी आहेस का. इन्स्टावर बघितलं तर तिथल्या मॅडम म्हणतात युनिव्हर्सकडे भरपूर आहे, देऊन टाका, दुप्पट येईल. मला ना देववत ना नाही म्हणवत. काय करू? – फराळवाली, नाशिक

उत्तर : अहो फराळवाली ताई, तीन वर्षं जी तुमच्या ओट्याशी उभी आहे तिला प्रमाण माहीत नाही असं खरंच वाटतं का तुम्हाला? चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक मूगडाळ, अर्धी-पाऊण उडीद, मूठभर पोहे, धणे-जिरे, हे तर यूट्यूबवर कुणीही सांगतं, इकडेतिकडे अर्ध्या वाटीचा फरक. ती जे मागतेय ते वेगळंच असणार. धुतलेले तांदूळ सावलीत किती वाळू द्यायचे, उडीद डाळ कुठल्या रंगाला उतरवायची, दळण किती बारीक, मोहन किती कडकडीत. मोहन जास्त झालं की चकली तेलात हसते (फुटून पसरते), कमी झालं की दाताखाली खडा, आणि या दोन्हीच्या मधली जी जागा आहे ती कागदावर लिहून देता येत नाही, तुमच्या हाताला ती कळते कारण तुम्ही कितीतरी घाणे बिघडवलेत. तेव्हा प्रमाण द्या, बिनधास्त द्या, त्याने तुमचं काही जात नाही.

पण युनिव्हर्सवाल्या मॅडमचं ऐकून एवढ्यावर थांबू नका. तुमच्या धंद्यात खरोखर कमी काय पडतं ते एकदा बघा. गिऱ्हाईक? दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात 'आता नाही घेत हो ऑर्डर' असं किती जणांना सांगता ते आठवा, म्हणजे गिऱ्हाईक नक्कीच कमी पडत नाही. कमी पडतात ते हात. सोऱ्या दाबणारे, घाणा काढणारे, डबे भरून लेबल लावणारे. आणि यंदा नेमके तेच दोन हात जातायत, हा तुमचा खरा तोटा आहे, याकडे मिस्टरांचं लक्षच नाही, ते प्रमाणाला कवटाळून बसलेत.

त्यामुळे बोलणी हातांची करा. म्हणजे असं, की मी तुला सगळं शिकवते, माझ्याकडच्या जास्तीच्या ऑर्डर तुझ्याकडे पाठवते, त्यावर किलोमागे एवढे माझे, आणि त्या बदल्यात अनारसे आणि चिवड्याचे दोन दिवस तू माझ्याकडे यायचं. हे आत्ताच बोला, दिवाळी तोंडावर आल्यावर नको. आणि हे कागदावर उतरवायला लाजू नका, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला तरी चालेल. तिने 'अमक्या ताईंकडचीच चकली' म्हणून तुमच्या नावावर विकायची नाही हेही त्यातच आलं पाहिजे. आणि मन मोठं करणं म्हणजे फोनमधली गिऱ्हाइकांची यादी फॉरवर्ड करणं नाही बरं का. ती यादी वाटली की कमी होते. भाजणी होत नाही.

लिज्जत पापडचं उदाहरण आपल्याकडे फार उगाळलं जातं, पण इथे चपखल आहे म्हणून सांगते. १९५९ साली गिरगावातल्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यातलं आवडतं ते पुढचं, की पीठ एका जागी मळलं जातं, बायका ते घरी नेऊन लाटतात, परत आणून देतात, आणि जी येईल ती नोकर म्हणून येत नाही, भागीदार म्हणून येते. हात वाढले तसं काम वाढलं. आता तुमच्या शेजारणीला नोकरीवर ठेवायचे दिवस संपलेत हे तुम्हालाही कळलंय, म्हणून तर झोप उडालीय ना?

प्रश्न : पैसा आकर्षित करायचा एक ऑनलाईन कोर्स आहे, १५ हजार फी, रोज पहाटे उठून अफर्मेशन (स्वतःला धीर देणारी वाक्यं) लिहायची आणि व्हिजन बोर्ड (हव्या त्या गोष्टींचे फोटो लावलेला फलक) बनवायचा. मैत्रिणीने केला, ती म्हणते फरक पडला. करू का? – पुणे

उत्तर : नका करू. १५ हजार ज्याने आकर्षित केले तो कोर्सवाला, तेवढा पुरावा मला पुरे आहे.

आता जरा गंभीरपणे. गॅब्रिएल ओटिंगन म्हणून मानसशास्त्राच्या प्राध्यापक आहेत, त्यांची बरीच वर्षं याच विषयात गेलीत. २००२ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात त्यांनी नोकरी शोधणारे जर्मन पदवीधर घेतले. ज्यांना मनातल्या मनात 'मस्त नोकरी लागलीय' अशी गोड चित्रं सारखी दिसायची, त्यांना दोन वर्षांनी बघितलं तर ऑफर कमी, पगारही कमी. म्हणजे स्वप्न बघून मन आधीच थोडं तृप्त होतं आणि अर्ज करायचे राहून जातात. त्यांचंच पुढचं म्हणणं असं की हवं ते चित्र बघाच, पण लगेच त्याच्या शेजारी आडवं काय येतंय तेही मांडा. तुमच्या भिंतीवर परदेशी ट्रिपचा फोटो लावायचाय ना, लावा, खाली क्रेडिट कार्डाचं या महिन्याचं बिल चिकटवा. फुकट आहे. आणि मैत्रिणीला फरक पडला असेल तर छानच, पहाटे उठल्यानेही पडतो.

प्रश्न : मॅडम स्पष्टच लिहितो, राग मानू नका. हे सगळं पोट भरलेल्यांचं आहे. मी मराठवाड्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे, असा शिकवतो. सेट (प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) झालोय. वर्षातले काही महिने नेमणूक, उन्हाळ्यात शून्य, आणि जे मानधन आहे त्याचं बिल कधी निघेल देव जाणे, आत्ता चार महिन्यांचं अडकलंय. पैसे आले की उधाऱ्या फेडून दोन आठवड्यांत परत खडखडाट. बायको म्हणते तुमची विचारसरणीच निगेटिव्ह. आमच्यातली माणसं पण अशी की कुठे जागा निघाली तर एकमेकांना सांगत नाहीत. मी काय माइंडसेट बदलू? – नाव नको, मराठवाडा

उत्तर : सर, राग कसला, मला हे पत्र सगळ्यात आवडलं. आणि तुम्हाला मी मन मोठं करा वगैरे काहीही सांगणार नाहीये. चार महिन्यांचं मानधन ज्याचं अडकलंय त्याला टंचाईची 'भावना' नाहीये, टंचाईच आहे.

वहिनींना पुढचं वाचून दाखवा. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला, तामिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा. उसाचं तुम्हाला माहितीच आहे, वर्षाचा मुख्य पैसा एकदम येतो, मग तो पुरवत पुरवत पुढच्या तोडीपर्यंत न्यायचा. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना दोनदा गाठलं, तोडीआधी हात रिकामे असताना आणि तोडीनंतर पैसे आल्यावर, आणि दोन्ही वेळा बुद्धीला ताण देणारी कोडी सोडवायला दिली. माणूस तोच, डोकं तेच, पण तोडीआधी लक्षणीयरीत्या कमी जमलं. का, तर अर्धं डोकं दुकानदाराला काय सांगू, सिलेंडर कधी संपेल, पोराची फी कुठून, यातच अडकलेलं. हे निगेटिव्ह विचार नव्हेत हो, हे चोवीस तास चालणारं एक काम आहे आणि त्याचा पगार मिळत नाही.

आणि पैसे आले की संपतात म्हणून स्वतःला उधळ्या समजत असाल तर आणखी एक ऐका. लहान मुलांपुढे एक मार्शमेलो (मऊ गोड मिठाई) ठेवायचा, थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं, हा जुना अमेरिकन प्रयोग तुम्ही वर्गात शिकवलाही असेल, त्यावरून संयमाची केवढी प्रवचनं झाली. २०१२ मध्ये रोचेस्टर विद्यापीठात तोच प्रयोग थोडा वेगळा केला. आधी मुलांना सांगितलं की थांबा, चांगले खडू आणून देतो. काहींना खरंच आणून दिले, काहींना 'सॉरी, नाहीयेत' म्हणून परत पाठवलं. मग मार्शमेलो. ज्यांना खडू मिळाले ती पोरं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं ती ३ मिनिटं. पोरांनी सरळ हिशेब केला, ज्या माणसाने एकदा शब्द पाळला नाही त्याच्या भरवशावर हातातलं कशाला सोडा? तुम्हाला दर महिन्याला 'बिल निघेल' असं सांगणाऱ्यांनी तुमचं हेच करून ठेवलंय.

आता करता येण्यासारखं. पैसे आले की पहिलं ॲपवरचं कर्ज किंवा सावकार, म्हणजे ज्याचं व्याज सगळ्यात जाड ते फेडा, दुकानदाराला थोडं देऊन मुदत मागा, तो तुम्हाला ओळखतो, ॲप ओळखत नाही. उरलेली रक्कम पुढचे पैसे येईपर्यंतच्या महिन्यांनी भागा, मे-जून धरून, आणि ती दुसऱ्या खात्यात टाकून बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या की दर एक तारखेला एवढे रोजच्या खात्यात सोडायचे. आकडा हास्यास्पद येईल, माहितीय. तरीही एक तारखेला काहीतरी येतंच हे एकदा डोक्याला पटलं की ते वर म्हटलेलं चोवीस तासांचं काम थोडं हलकं होतं. हे दुसरं खातं बँकेतच ठेवा, सहकारी बँक असली तरी ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे (२०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तो १ लाखच होता), पतसंस्थेला तो विमा नाही, तिथे टक्काभर व्याज जास्त मिळतंय म्हणून आपल्यासारख्यांनी जाऊ नये.

जागेचं म्हणाल तर जागा एक आणि उमेदवार शंभर असतील तिथे स्पर्धाच आहे, तिथे कुणी सांगितलं नाही तर वाईट वाटून घ्या पण नवल वाटून घेऊ नका, आणि तुम्हीही नाही सांगितलंत म्हणून रात्री तळमळू नका. बिलाचं मात्र तसं नाही. तुमचं निघालं म्हणून दुसऱ्याचं अडत नाही, उलट सगळ्यांची एकाच टेबलावर पडलेली असतात. तेव्हा आठ-दहा जण मिळून एकच अर्ज करा, पोच घ्या, कुठला कागद कमी पडला म्हणून परत आला ते ग्रुपवर टाका. एकेकट्याने जाऊन हात जोडण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : नणंदेने थ्री बीएचके घेतला. वास्तुशांतीला पेढे खाताना पोटात अक्षरशः दुखत होतं. मी वाईट आहे का? – ठाणे

उत्तर : नाही हो. पेढे खाल्लेत ना? हसून अभिनंदन केलंत ना? झालं की मग. मनात काय येतं त्याला इलाज नाही, तोंडातून काय जातं तेवढं बघायचं. आणि पुढच्या वेळी त्यांचा ईएमआय विचारा, बरंच दुखणं थांबतं.

प्रश्न : सासूबाईंचं वय ७०. घरात तेलाचे रिकामे डबे, पिशव्यांच्या पिशव्या, दोऱ्याचे गुंडे, मुदत संपलेली औषधं, काही टाकू देत नाहीत. डाळ-तांदूळ वर्षाचं भरायचा हट्ट, मग किडे. आम्ही दोघं कमावतो, कशाला काही कमी नाही, असं सांगून थकले. त्यांना ॲबंडन्स कसा शिकवू? – सोलापूरची सून

उत्तर : ७० वय म्हणजे ७२ च्या दुष्काळात त्या ऐन सोळा-सतराच्या असणार, आणि माहेर सोलापूर-नगर-मराठवाड्याकडचं असेल तर मला पुढचं काही सांगायलाच नको. खडी फोडायला कोण गेलं होतं, सुकडी (दुष्काळी कामांवर वाटायचा खाऊ) कशी मिळायची, अमेरिकेहून आलेल्या त्या लाल मिलोची (तांबड्या ज्वारीची) भाकरी कशी लागायची, विचारलंय का कधी? विचारा एकदा. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला, आणि त्याच काळातून तुमच्या कोठीतला तांदळाचा डबा आला.

भूक माणसाला जमवायची सवय लावते, हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धानंतर उपाशी लोकांना कसं खाऊ घालायचं ते शिकायला. भूक वाढत गेली तसे त्यातले काहीजण स्वयंपाकाची पुस्तकं आणि भांडी जमवायला लागले, ज्यांना आधी त्यात फारसा रस नव्हता असे. सहा महिन्यांत ही गत, आणि तीही संपणार कधी हे माहीत असताना.

तेव्हा शिकवायच्या भानगडीत पडू नका. 'आई, आपल्याला काही कमी नाही' हे वाक्य त्यांना धीर देत नाही, कारण त्यांच्या आईवडिलांनाही ७० साली काही कमी नसेल कदाचित. त्यापेक्षा वाटणी करा. औषधांवर तडजोड नाही, मुदत संपलेलं सगळं बाहेर, ते डॉक्टरांकडून वदवून घ्या, सुनेपेक्षा डॉक्टर बरा. धान्य वर्षाचं भरायचंच असेल तर तांदूळ भरू द्या, बोरिक पावडर की कडुनिंबाचा पाला हे त्यांनाच ठरवू द्या, डाळी मात्र तीन महिन्यांच्या. पिशव्या-डब्यांना एक कपाट त्यांचं, त्याला तुम्ही हात लावायचा नाही, ते भरलं की नवीन ठेवायला जुनं त्या स्वतः काढतील. काढताना कुरकुर करतील. करू देत. आणि गुंड्याचा दोरा तुम्हीही वापरताच ना वेळेला, खरं सांगा!

प्रश्न : हिंजवडीत नोकरी. जुन्या कंपनीतला एक कलीग, फार जवळचा असा नाही, लेऑफमध्ये गेला, माझ्या कंपनीत रेफर कर म्हणतो. आमच्याकडेच वातावरण टाईट आहे, अप्रेझलला बेल कर्व्ह आहे, उद्या तोच माझ्या टीममध्ये आला आणि माझ्यापेक्षा भारी निघाला तर? असा विचार येतो म्हणून स्वतःचीच लाजही वाटते. – पिंपरी

उत्तर : लाज वाटायचं कारण नाही, भीती अगदीच खोटी नाहीये. बेल कर्व्हमध्ये वरचं रेटिंग ठराविक जणांनाच मिळतं, तिथे दुसऱ्याला मिळालं तर तुमचं खरंच कमी होतं, तिथे कुणी मला 'भरपूर आहे' म्हणून सांगू नये. पण तो तुमच्याच टीममध्ये येईल हे कशावरून? एवढ्या मोठ्या कंपनीत जागा कुठल्या निघाल्यात ते आधी बघा. आणि तुमची टीम सोडून दुसरीकडे असेल तर तुम्हाला अडवणारं काय आहे, काहीच नाही, वर तो लागला तर रेफरल बोनस असतो तो वेगळा.

तुम्ही 'फार जवळचा नाही' असं लिहिलंय, त्यावर जरा. मार्क ग्रॅनोवेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी साधारण सहात एकालाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून, म्हणजे जुना कलीग, कॉलेजातला कोणीतरी. कारण सोपं आहे, रोजच्या चहाच्या टपरीवरच्या चौघांना जे माहीत ते तुम्हालाही माहीत असतंच. म्हणजे उद्या तुमच्यावर वेळ आली, आणि वातावरण टाईट आहे म्हणताय म्हणजे येऊही शकते, तर उपयोगी पडणार ते असेच अर्धवट ओळखीचे. आज रेफर केलं म्हणून तो उद्या तुम्हाला करेलच असं मी लिहून देणार नाही, माणसं विसरतात. पण असे आठ-दहा जण चांगलं बोलणारे असले तर दोघं विसरले तरी चालतं.

त्याचं काम चांगलं नव्हतं असं वाटत असेल तर मात्र रेफर करू नका, तिथे तुमचं नाव जातं आणि नाव एकदा गेलं की परत मिळवायला वेळ लागतो. चांगलं होतं ना? मग सीव्ही मागवा, कुठल्या जागेसाठी टाकायचं ते त्याच्याशी फोनवर बोलून ठरवा, तुमच्या टीममधली जागा असेल तर तसं त्याला सरळ सांगा, आणि शुक्रवारच्या आत पोर्टलवर टाका, नाहीतर तो बिचारा रोज तुमचं ब्लू टिक बघत बसेल.